दिसायला धट्टीकट्टी, मग रक्त कशाला तपासायचे?

प्रश्न: आम्ही आष्ट्यात राहतो. घरात आई, आम्ही दोघे आणि दोन लहान मुले. थोडा ऊस आहे, वैरणीची सोय आहे, परड्यात गोठ्यापुरती जागा आहे. आजोबा गेल्यापासून दावणीला जनावर नव्हते. आता घरच्या दुधासाठी एक गाय घ्यायचे ठरले आहे. भावकीतले वडीलधारे सांगतात, डोळा, कास आणि चाल बघा, बास. डेअरीवर एकाने मात्र बजावले, रक्त तपासल्याशिवाय दावे हातात घेऊ नका. खातीपिती, चकचकीत कातडीची गाय आतून आजारी असू शकते का? असली तर आम्हाला कसे कळणार?
— एक वाचक, आष्टा, ता. वाळवा, जि. सांगली

उत्तर: असू शकते, आणि घरात लहान मुले असल्यामुळे तुमच्यासाठी हा प्रश्न दुधाच्या लिटरांपेक्षा मोठा आहे. वडीलधारे सांगतात ते खोटे नाही. डोळा, कास, चाल बघून निम्मी गाय कळते. उरलेली निम्मी कोणालाच दिसत नाही. जन्म गोठ्यात घालवलेल्या माणसाला दिसत नाही, आणि पशुवैद्यकालाही नुसत्या नजरेने दिसत नाही.

सर्वांत आधी ब्रुसेल्लोसिस, म्हणजे सांसर्गिक गर्भपात. या रोगाची गाय साधारण पाचव्या महिन्यानंतर गाभडते. जार अडकतो, काही दिवस घाण जाते, मग सगळे निवळते. पुढच्या खेपेला तीच गाय बहुतेकदा दिवस भरून व्यवस्थित विते, दूध देते, रवंथ करते, कातडीला चमक असते. मालक प्रामाणिकपणे सांगतो, 'एकदा टाकले होते, पण आता काही नाही.' त्याचा तसा विश्वासही असतो. पण जंतू शरीरातून गेलेले नसतात. ते कासेत आणि कासेजवळच्या गाठींत मुक्काम ठोकून असतात, दुधातून येत राहतात आणि प्रत्येक वेताच्या वेळी पाण्यातून, जारातून गोठ्यात सांडतात. गायीतून हा रोग काढून टाकणारे भरवशाचे औषध नाही. माणसाला तो कच्च्या दुधातून होतो, आणि त्याहून सहज होतो अडकलेला जार उघड्या हाताने ओढताना. संध्याकाळी चढणारा ताप, रात्रीचा घाम, कंबर आणि सांधे धरणे, आठवडेच्या आठवडे चाललेली अशक्तपणाची तक्रार; टायफॉइड, मलेरियाची औषधे होत राहतात आणि गोठ्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. म्हणून असा ताप रेंगाळला तर डॉक्टरांना आपण होऊन सांगावे की घरी जनावर आहे.

याची पहिली तपासणी सोपी आहे. गायीच्या मानेच्या शिरेतून थोडे रक्त घेतात, त्यातल्या रक्तजलाचा थेंब गुलाबी रंगाच्या द्रावणात मिसळतात. रोझ बंगाल चाचणी म्हणतात तिला. गुठळ्या धरल्या तर संशय, आणि मग पुढची पक्की चाचणी. नमुना तुमच्या जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून प्रयोगशाळेत जातो. राज्याचा रोग अन्वेषण विभाग पुण्याला औंधमध्ये आहे आणि सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. एक बारकावा लक्षात ठेवा. नुकत्याच व्यालेल्या किंवा गाभडलेल्या गायीत ही चाचणी चुकून 'नाही' दाखवू शकते. अशी गाय घेतली तर तीन-चार आठवड्यांनी रक्त पुन्हा द्यावे.

आता व्यवहाराचे. विकणाऱ्याला तुम्ही इसार देणार. तो देतानाच चार माणसांत बोलून ठेवा की रक्ताचा निकाल चांगला आला तर व्यवहार पक्का, नाहीतर इसार परत. घरच्या गोठ्यातली गाय विकणारा शेतकरी बहुतेकदा तयार होतो. हेडी कुरकुर करेल, दुसरे गिऱ्हाईक उभे आहे म्हणेल. दुसऱ्या गिऱ्हाइकाला गाय जाऊ द्या. या एका अटीवर मी कोणालाच सूट देणार नाही.

पहिल्या गायीच्या बाबतीत हा हट्ट धरायला आणखी एक कारण आहे. तुमचा गोठा आज कोरा आहे. वर्षानुवर्षे जनावर नसल्याने तिथे रोगाचा जंतू नाही, गोचीड नाही. पहिल्या गायीबरोबर जे येईल ते तिच्या कालवडीला आणि पुढे तुम्ही आणाल त्या प्रत्येक जनावराला मिळेल. दहा गायींच्या गोठेवाल्याला ही संधी पुन्हा येत नाही. तुम्हाला आत्ता आहे.

रक्त तपासणीबरोबर क्षयाची चाचणीही करून घेता आली तर उत्तम. मानेच्या कातडीत ट्युबरक्युलिनचे टोचण देतात आणि ७२ तासांनी त्या जागेची जाडी मोजतात. म्हणजे डॉक्टरांना दोनदा यावे लागते. बाजारात उभ्या उभ्या होणारी ही गोष्ट नाही. ओळखीच्या गोठ्यातून घेतलेल्या गायीचीच ती होते.

म्हणूनच कुठून घ्यायची, याचे माझे उत्तर ठरलेले आहे: पहिली गाय बाजारातून नको. सांगोल्याचा रविवारचा बाजार मोठा आहे, संकरित गायींसाठी लोणीचा बुधवारचा आणि काष्टीचा शनिवारचा बाजार नावाजलेला आहे. जाणत्याने तिथे जरूर जावे. पण नवख्या माणसाला तिथे गायीचा इतिहास कळत नाही, आणि अनेक गावांची जनावरे एकमेकांना खेटून उभी असतात, एकाच हौदावर पाणी पितात. सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पीची साथ पसरली तेव्हा राज्य सरकारला जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले, ते याच कारणाने. तुमच्या भागात घरोघरी दूध डेअरीला जाते. डेअरीच्या सचिवाला विचारा. कोणाचे दूध वर्षभर नियमित येते, कोणाचे फॅट आणि एसएनएफ टिकून असते, कोणाच्या गोठ्यात जनावर वरचेवर आजारी पडते, हे त्याला माहीत असते.

गायीच्या कानातला पिवळा बिल्ला पाहा. त्यावर बारा अंकी क्रमांक असतो आणि त्या क्रमांकावर लसी, कृत्रिम रेतन, मालकी यांची नोंद सरकारी प्रणालीत होते. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावराच्या खरेदी-विक्रीला मनाई आहे. नुसता बिल्ला आहे यावर समाधान मानू नका. तो क्रमांक दवाखान्यात देऊन त्यावर काय नोंदले आहे ते काढायला सांगा. लाळ्या-खुरकुताची लस सहा महिन्यांत झाली आहे का, लम्पीची वर्षाच्या आत झाली आहे का, आणि या वर्षात किती वेळा रेतन झाले आहे. एका वेतात पाच-सहा वेळा भरवून उलटलेली गाय असेल तर ती विकायला का काढली हे तिथेच कळते.

आता डोळ्यांनी बघायच्या निम्म्या गायीकडे येऊ. संध्याकाळच्या धारेच्या आधी जा आणि आल्या आल्या गायीला उठवू नका. लांबून पाच मिनिटे बघा. बसलेली निरोगी गाय रवंथ करत असते, कान हलत असतात, नाकपुडीवर दवासारखा ओलावा असतो. मग उठवा. उठताना मागचे पाय आधी, आणि उठल्यावर अंग ताणते का ते बघा. कोपरे बाहेर काढून, पाठ कमानीसारखी करून अवघडून उभी राहणारी, उतार उतरायला कचरणारी गाय पोटात तार किंवा खिळा घेऊन फिरत असू शकते. डाव्या कुशीत मूठ दाबून धरा. मिनिटाला एक-दोनदा पोट मुठीला आतून ढकलते. तेवढे लागले की पचन चालू आहे. खालची पापणी ओढून आतला रंग पाहा, गुलाबी हवा. पांढुरका किंवा पिवळट असेल आणि खांद्यापुढची गाठ लिंबाहून मोठी लागत असेल, तर गोचीडतापाची शंका घ्या. थायलेरियाचा हा ताप संकरित गायींना जोरात धरतो, आपल्या खिलारला तितका नाही. बरी झालेली गायही तो रक्तात बाळगून असते आणि गाडीतून केलेला प्रवास, नवी जागा, नवी वैरण यांच्या ताणाने तो पुन्हा उसळू शकतो. आणल्यावर पहिले पंधरा दिवस रोज ताप बघायचा तो त्यासाठी. एकशे एक ते एकशे साडेदोन फॅरेनहाइट हे गायीचे नेहमीचे तापमान.

कासेवर वेळ घाला. संध्याकाळची धार तुमच्यासमोर पूर्ण काढून घ्या आणि ते दूध मोजूच नका. कारण दाखवायच्या दिवशी सकाळची धार चुकवून कास तुंबवायची, ही जुनी युक्ती आहे. त्यानंतरची सकाळची आणि संध्याकाळची धार मोजा. म्हणजे दोन दिवस जावे लागेल, जा. धार काढल्यावर चांगली कास रिकाम्या पिशवीसारखी लोंबते. जी तशीच टणक राहते तिच्यात मांस वाढले आहे किंवा जुना कासदाह मुरला आहे. चारही सड हाताने चाचपा, आत दोरीसारखे लागते का, एखादा सड मुका आहे का. प्रत्येक सडाची पहिली धार काळ्या कापडावर घ्या. गाठी, पाणी, रक्ताचा धागा काळ्यावर लगेच दिसतो.

छुपी दगडी, म्हणजे वरून न दिसणारा कासदाह, मात्र कापडावर दिसत नाही. तिच्यासाठी पशुवैद्यकाकडे सीएमटीचे द्रावण असते. नाही मिळाले तर घरचा उपाय आहे: कपडे धुण्याची पावडर, शंभर मिलिलिटर पाण्यात तीन ग्रॅम. चार वाट्या घ्या, प्रत्येक सडाचे थोडे दूध वेगळ्या वाटीत आणि तितकेच द्रावण. वाटी मिनिटभर गोल फिरवा. तिन्हींत दूध पातळ राहिले आणि चौथीत शेंबडासारखे घट्ट झाले, तर तो सड आजारी आहे. हे तुम्ही विकणाऱ्याच्या अंगणात करू शकता, आणि त्यालाही ते बघितल्याचा फायदा होतो. व्याल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आणि आटत आलेल्या गायीत ही चाचणी फसवते, तेव्हा करू नका. धारेच्या वेळी टोचण मारून पान्हा सोडवला जातो का, हेही बघा. ऑक्सिटोसिनची सवय लागलेली गाय तुमच्या हाताला दूध देणार नाही, आणि ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकणे गुन्हा आहे.

बाकीचे थोडक्यात. वय दातांवरून: दोन दाती म्हणजे साधारण दोन-अडीच वर्षे, जुळलेली म्हणजे चार-साडेचार वर्षांच्या पुढे. गाभण म्हणून विकत असतील तर पशुवैद्यकाकडून हात घालून खात्री करून घ्या. मागच्या वेताला अंग बाहेर पडले होते का, हे विचाराच. ती खोड पुन्हा येते. कालवड घेणार असाल आणि ती गोऱ्ह्याबरोबर जुळी जन्मलेली असेल तर सोडून द्या, अशा कालवडी बहुतेक वांझ निघतात.

किती दुधाची घ्यावी, हे तुम्ही विचारलेले नाही, पण आरोग्याचा प्रश्न तिथेच अडतो म्हणून सांगतो. पाच माणसांच्या घराला वीस लिटरची एचएफ गाय नको. जितके दूध जास्त तितकी ती उन्हाला हळवी, खुराक चुकला की कोलमडणारी, व्याल्यावर दुग्धज्वर आणि किटोसिसला बळी पडणारी. सांगली जिल्ह्याच्या एप्रिल-मे महिन्यात एचएफ धापा टाकते. आठ-दहा लिटरची, दुसऱ्या वेताची, व्याल्याला महिना होत आलेली, पायाशी स्वतःचे वासरू असलेली जर्सी संकरित गाय नवख्या घराला सांभाळता येते. वासरू तिचेच आहे का, हे ती त्याला कशी चाटते यावरून कळते.

आणि वाढे. तुमच्या भागात गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या फडातून वाढ्याच्या पेंढ्या स्वस्तात मिळतात, आणि चार-पाच महिने दावणीला दुसरे काही पडत नाही. उसाच्या वाढ्यात ऑक्झॅलेट असते. ते गायीच्या पोटात कॅल्शियमला धरून बसते आणि शेणावाटे घेऊन जाते. गाय पोट भरून खाते, तरी आतून रिकामी होत जाते. मग माज मुका होतो, भरवले की उलटते, व्याल्यावर बसकण मारते, आणि लोक म्हणतात गाय खराब लागली. गाय बरीच असते, दावण चुकलेली असते. वाढे बंद करा असे मी म्हणणार नाही, ते शक्यही नाही. पण निम्मी वैरण वेगळी हवी: कडवळ, मका, थोडी शेवरी किंवा लसूणघास. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडा आणि रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण खुराकातून द्या. ज्या गोठ्यातून गाय घ्याल तिथे ती काय खाते हे विचारून तीच वैरण आठवडाभर बरोबर आणा, आणि नवी वैरण हळूहळू वाढवा.

प्रश्न: गाय घरची झाली की मुलांना धारोष्ण दूध द्यावे, असे आईचे म्हणणे आहे. आमच्याकडे तालमीतली पोरे तसे पितात आणि त्यांना काही होत नाही. उकळल्याने दुधातली ताकद जाते का?

उत्तर: कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर म्हशीची धार थेट पेल्यात घेऊन पिणारी माणसे आजही दिसतात, त्यामुळे आईंचे म्हणणे कुठून येते हे मला समजते. तरीही मुलांना कच्चे दूध देऊ नका. रक्त तपासून आणलेल्या गायीचेही नको, कारण आजची निरोगी गाय सहा महिन्यांनी तशीच असेल याची खात्री चाचणी देत नाही.

हे भय काल्पनिक नाही. भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिक एका लांबलेल्या तापाने, म्हणजे ब्रुसेल्लोसिसनेच, झिजत होते. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टराने १८८७ मध्ये त्याचा जंतू शोधला, पण तो येतो कुठून हे कळायला १९०५ साल उजाडले. थेमिस्टोक्लीस झामित या माल्टाच्याच डॉक्टराला तो धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांत सापडला, आणि माग त्यांच्या दुधापर्यंत पोचला. पुढच्या वर्षी सैनिकांचे शेळीचे दूध बंद केल्यावर छावणीतला ताप ओसरला. त्या शेळ्या आजारी दिसत नव्हत्या. गायीत गर्भपात करणारा जंतू डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँग यांनी १८९७ मध्ये ओळखला होता. हे दोन्ही जंतू एकाच कुळातले आहेत हे पुढे ध्यानात आले.

उकळल्याने दुधातली काही जीवनसत्त्वे थोडी घटतात. कॅल्शियम आणि प्रथिने, म्हणजे मुलांना ज्यासाठी दूध द्यायचे ते, राहते. एक चांगली उकळी पुरे. चिकाचेही तेच: पहिला हक्क वासराचा, जन्मल्यापासून तासा-दोन तासांत, उरलेल्या चिकाचा खरवस चांगला वाफवला की निर्धास्त खा. कच्चा चीक चाखू नका.

प्रश्न: गाय आणल्यावर पहिल्या महिन्यात नेमके काय करायचे?

उत्तर: शेजारच्यांची जनावरे आणि तुमची गाय तीन आठवडे एकत्र येऊ देऊ नका, पाण्याची बादलीही वेगळी ठेवा. उतरल्या दिवशी पाणी आणि ओळखीची वैरण, खुराक दुसऱ्या दिवसापासून. गोचीड अंगावर जितके दिसते त्याहून जास्त भिंतीच्या फटीत असते, म्हणून गाय येण्याआधीच गोठ्याच्या फटी लिंपून घ्या. जंताचे औषध डॉक्टरांना विचारून द्या, कारण गाभण गायीला सगळी चालत नाहीत. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्यापूर्वी, मे महिना संपायच्या आत. कृष्णा-वारणेच्या काठच्या गावांनी २०१९ च्या पुरात जनावरे कशी हलवली ते तुम्ही पाहिले आहे. पाणी ओसरल्यावर लस टोचायला धावण्यात अर्थ नसतो, तिला काम करायला दोन-तीन आठवडे लागतात.

माजावर आली की गावच्या वळूकडे नेऊ नका, कृत्रिम रेतनच करा. गाभडली, तर पडलेले वासरू आणि जार उघड्या हाताने उचलू नका, कुत्र्यांना टाकू नका. हातमोजे घालून खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा आणि रक्त तपासायला द्या. कालवड झाली तर चार ते आठ महिन्यांच्या वयात तिला ब्रुसेल्लाची लस द्या. ती आयुष्यात एकदाच द्यायची असते, वय गेले की देत नाहीत, आणि २०१९ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती मोफत मिळते.

गाय आणल्याच्या आठवड्यातच तिच्या बिल्ल्याचा क्रमांक आपल्या नावावर करून घ्या. आणि रात्री-अपरात्री अडचण आली तर सल्ला विचारायला गावभर फिरू नका. पशुवैद्यकीय मदतीचा क्रमांक १९६२ आहे. तो आणि जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचा क्रमांक गोठ्याच्या दारावर खडूने मोठा लिहून ठेवा.